दुसरे कर्वे माहीत आहेत का?

कर्वे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पुण्यात राहत असाल तर कर्वे रोडचं ट्रॅफिक. मुंबईत असाल तर एसएनडीटी विद्यापीठ. आणि शाळेतला इतिहास अजून थोडाफार आठवत असेल तर महर्षी धोंडो केशव कर्वे, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, दोन मार्क. सगळं बरोबर आहे, पण ते वडील झाले. आज मला तुम्हाला मुलाची गोष्ट सांगायची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे. ज्या विषयावर आपण आजही आवाज खाली करून बोलतो, त्या विषयावर त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मासिक काढलं आणि २६ वर्षं चालवलं.

खरं सांगू? दहावीपर्यंत हे नाव मी ऐकलेलंही नव्हतं. प्रजननाचा धडा आला तेव्हा आमच्या बाईंनी तो घरी वाचून घ्यायला सांगितला आणि थेट पुढचा धडा काढला. तुमच्याही वर्गात असंच झालं असेल, पैज लावते.

हुशार मुलगा, पक्की नोकरी

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२चा, कोकणातल्या मुरूडचा. तो नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळात अशा बातमीचं कुणाला फार आश्चर्य वाटत नसे. जवळजवळ प्रत्येक घरात अशी एखादी गेलेली बाई असायचीच. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं आणि समाजाचा बहिष्कार ओढवून घेतला. म्हणजे चार लोक काय म्हणतील याची पर्वा न करणं या मुलाने घरातच पाहिलं होतं.

अभ्यासात तो जबरदस्त होता. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, मग फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. गणिताच्याच उच्चशिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आला. मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी, मालतीबाईंसारखी शिकलेली बायको. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइफ सेट.

आणि मग र. धों.नी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं पहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं पहिलं क्लिनिक उघडलं होतं. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी पाच वर्षं आधी असाच प्रयत्न केला, तर पोलिसांनी काही दिवसांतच तो बंद पाडला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. म्हणजे कर्वे जगाच्या मागे नव्हते, जगाच्या बरोबरीने चालत होते.

लोकसंख्या तर कमी झाली होती

आता एक गंमत बघा. कुटुंबनियोजन म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? लोकसंख्येचा स्फोट. पण १९२१च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १९११पेक्षा किंचित कमी भरली होती! प्लेग, दुष्काळ आणि १९१८च्या इन्फ्लुएंझाने इतकी माणसं नेली होती. तेव्हा गर्दीची भीती हे काही केंद्र उघडण्याचं पुरेसं कारण नव्हतं.

र. धों.नी गरिबी आणि लोकसंख्या यांवरही लिहिलं, ते नाकारता येणार नाही. सुप्रजननाच्या ज्या कल्पनांची तेव्हा जगभर चलती होती, त्याही त्यांच्या लिखाणात सापडतात आणि आज त्या आपल्याला पटणार नाहीत. पण त्यांचा मूळ मुद्दा बाईचा होता. मूल हवं की नको, कधी हवं, किती हवीत, हे जिच्या शरीरात ते वाढतं तिला ठरवता आलं पाहिजे. आणि शरीराचं सुख हा फक्त पुरुषाचा हक्क नाही, तो तिचाही आहे. १९२३ मध्ये 'संततिनियमन' या विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला तेव्हा अजून जवळपास चार दशकं होती. हाताशी होती ती रबराची साधनं, आणि ती कशी वापरायची हे मराठीत सांगणारं जवळजवळ कुणीच नव्हतं.

कॉलेजच्या व्यवस्थापनाला हे झेपलं नाही. हे काम करायचं तर नोकरी सोडा, असा त्याचा अर्थ होता. कर्व्यांनी नोकरी सोडली.

कोर्टाची पायरी

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. गर्भनिरोध, गुप्तरोग, लैंगिक संबंध, त्याबद्दलचे गैरसमज असे सगळे विषय त्यात असायचे. वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे, तीही शास्त्राला धरून, आडपडदा न ठेवता. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीर ही लाजण्याची गोष्ट नाही, हा त्यामागचा विचार. १९२७ मध्ये! आज कुणी असं पेज चालवलं तर कमेंट्समध्ये काय होईल, विचार करा.

तेव्हा खटले झाले. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून पहिला खटला उभा राहिला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला, तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांना खरेच प्रश्न पडत असतील तर त्यांची उत्तरं देणं हा गुन्हा कसा, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले. दंड झाला दोनशे रुपये. मासिक मात्र पुढच्या महिन्यांतही निघत राहिलं.

विरोध फक्त सनातन्यांचा होता असंही नाही. गांधीजींना संततिनियमन मान्य होतं, पण ते संयमाने. साधनं वापरायला त्यांचा विरोध होता. १९३५च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही. अशा देशात एक माणूस जवळजवळ एकट्याने मासिक काढतोय, आणि संसाराचा भार मालतीबाईही उचलताहेत. या दोघांनी ठरवून स्वतःला मूल होऊ दिलं नाही. आजही नवीन लग्न झालेल्यांना घरचे गुड न्यूज कधी विचारतात. त्या काळात मालतीबाईंना कायकाय ऐकावं लागलं असेल, याचा आपण फक्त अंदाज करायचा.

पैसा आला, बाई मागे पडली

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे नियोजित पालकत्वाचा जागतिक महासंघ स्थापन झाला. कर्व्यांनी जिथे एकट्याने काम सुरू केलं होतं, त्याच शहरात. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ला, ते गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा. वडील मागे होते. त्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं.

यानंतर जे झालं ते तुम्ही-आम्ही नीट समजून घ्यायला हवं. कार्यक्रमाला परदेशातून पैसा येऊ लागला. आधी फोर्ड फाउंडेशन, पुढे जागतिक बँक आणि स्वीडनसारखे देश. पैसा वाईट नव्हता, दवाखाने आणि प्रशिक्षण त्यातून उभं राहिलं. पण मदत देणाऱ्याला आकडा दाखवावा लागतो. आकडा दाखवायचा म्हणून टार्गेट आलं आणि ते जिल्ह्याला, तालुक्याला, शेवटी गावातल्या शिक्षकापर्यंत पोचलं. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेकडून गहू येत होता, तेव्हा त्या मदतीच्या बोलण्यांतही लोकसंख्या आवरण्याचा आग्रह होता. आणि मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने. साधनं तीच, पण कर्व्यांचा मूळ मुद्दा, म्हणजे ज्याच्या शरीराचा प्रश्न त्याची मर्जी, तो गळून पडला होता.

जगाला तो परत सापडायला १९९४ साल उजाडलं. कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की आधी बाईचं शिक्षण, तिचं आरोग्य आणि तिचा निर्णय. आकडे मागून येतील. १९९६ मध्ये भारताने गर्भनिरोधकांची टार्गेट्स काढून टाकली. वडिलांनी मुलींसाठी शाळा काढली, विद्यापीठ काढलं. मुलाने निर्णयाचं साधन हातात दिलं. कर्व्यांच्या एका घरात जे होतं, ते कैरोत जागतिक धोरण झालं.

मग आपलं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ची पाहणी सांगते की भारतात सरासरी एका बाईला दोन मुलं होतात, महाराष्ट्रात तर त्याहून कमी. म्हणजे प्रश्न सुटला? त्याच पाहणीतला दुसरा आकडा वाचा. देशातल्या जोडप्यांपैकी जवळपास ३८ टक्के ठिकाणी बाईने नसबंदी करून घेतली आहे. पुरुषाने करून घेतलेली ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी असते, तरीही. जबाबदारी अजून कुणाच्या अंगावर आहे ते यातून दिसतंच.

र. धों.वर अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा सिनेमा केला. वीकेंडला बघाच. आणि पुढच्या वेळी मेडिकलवाल्याने पाकीट पेपरात गुंडाळून दिलं, की त्याला सांगा, गुंडाळायची गरज नाही. या एवढ्याशा वाक्यासाठी एका गणिताच्या प्राध्यापकाने नोकरी घालवली होती.