बीएमआयचे सूत्र मांडणारे डॉक्टर नव्हते! मग तुमचा आकडा नेमके काय सांगतो?

नळदुर्ग : मोबाइलवर उंची आणि वजन टाकले, की बीएमआय म्हणजेच बॉडी मास इंडेक्सचा आकडा क्षणात समोर येतो. तो हिरव्या पट्ट्यात दिसला की आपण निर्धास्त होतो. पण या आकड्यामागचे सूत्र मांडणारे बेल्जियमचे अडोल्फ केतले हे खगोलशास्त्रज्ञ होते. कोणाचा लठ्ठपणा मोजणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

कोण होते केतले?

केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी गेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. सतराव्या वर्षीच ते गणित शिकवू लागले. १८१९ मध्ये त्यांनी गेंट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ब्रुसेल्सला वेधशाळा उभारायची होती. त्यासाठी १८२३ च्या अखेरीस ते पॅरिसला खगोलशास्त्र शिकायला गेले. एकाच ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली तर दहा वेळा थोडा फरक पडतो, पण सरासरी खऱ्या जागेच्या जवळ जाते, हे खगोलशास्त्रज्ञांना माहीत होते. हीच पद्धत केतले यांनी माणसांना लावली.

'सरासरी माणसा'चा शोध

हजारो लोकांची उंची, वजन, जन्म-मृत्यूच्या नोंदी, इतकेच काय गुन्ह्यांचे आकडेही त्यांनी अभ्यासले. १८३५ मध्ये आलेल्या ग्रंथात त्यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये केतले यांच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. १८५५ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी काम थांबले नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

बीएमआय हे नाव कधी मिळाले?

त्यांच्या मृत्यूनंतर ९८ वर्षांनी! १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांच्या गटाने पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासली आणि केतले यांच्या सूत्राला हे नाव दिले. त्या पाच देशांत भारत नव्हता, स्त्रियाही नव्हत्या.

पुण्याने काय दाखवले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बीएमआय फक्त वजन पाहतो. ते स्नायूंचे की चरबीचे, हे त्याला कळत नाही. भारतीयांमध्ये स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असण्याचा कल आहे. म्हणूनच अंगाने बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठू शकतो.

मग काय पाहायचे?

• बीएमआय : किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. उंची १.६५ मीटर, वजन ६५ किलो असेल तर उत्तर येते २३.९. जागतिक निकषांनुसार २५ पर्यंत ठीक; पण भारतीय प्रौढांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात.

• कंबर : शिंप्याची टेप पुरे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर म्हणजे इशारा.

• चरबीचे प्रमाण : चरबी दाखवणारे घरगुती वजनकाटे शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायले तरी आकडा बदलतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. काही महिन्यांचा कल पाहा. स्त्रियांमध्ये चरबी निसर्गतःच जास्त असते, हेही ध्यानात ठेवा.

केतले यांचे सूत्र खोटे नाही. ते समूहासाठी होते. बीएमआय ठीक असला, पण कंबर मर्यादेबाहेर असेल किंवा घरात कोणाला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना भेटून रक्तातील साखर तपासून घ्या.