रंग न ओळखणारे ड्रॉइंग मास्तर

मी कॉन्व्हेंटमधून आलेला विद्यार्थी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी एखाद्या थोर माणसाविषयी लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच नाव आलं. आणि त्याला कारण झाली आमच्या लातूरच्या घरातली पाण्याची मोटर.

दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की हौद भरून घ्यायचा आणि मोटरने पाणी वरच्या टाकीत चढवायचं. त्या दिवशी हौद भरला, बटण दाबलं, तर मोटर नुसती गुणगुणत राहिली. फिरेचना! २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे याचा अर्थ काय ते लातूरकरांनाच कळेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी फी भरलेली, म्हटल्यावर पाहणारच.

मला मात्र घाम फुटला. कारण मला लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. फर्स्ट इयरला रेझिस्टरचे पट्टे वाचताना हे लक्षात आलं. तेव्हापासून पट्टे पार्टनरकडून वाचून घेतो, कारण सांगत नाही. रेल्वेच्या बऱ्याच टेक्निकल पदांना रंगदृष्टी लागते हे कळल्यावर तर तो विषयच बंद केला.

तरी हात घातला. सिंगल फेज मोटरला स्वतःहून फिरतं चुंबकीय क्षेत्र मिळत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट कंडेन्सर थोडा पुढे सरकवतो, आणि त्या फरकावर रोटर फिरू लागतो. कंडेन्सर गेला की मोटर गुणगुणते आणि तशीच चालू ठेवली तर जळते. मेन बंद केला, बल्बच्या वायरी टेकवून कंडेन्सरमधला चार्ज काढला. कंडेन्सर चक्क फुगलेला होता. २५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. बाजारातून तसाच नवीन आणला. वायरींचे रंग धाकट्या बहिणीला विचारून जोडणी केली, पाणी चढलं. नंतर आठवलं की या कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं, त्याच्या दोन वायरी कशाही जोडल्या तरी चालतात! रंग विचारायची गरजच नव्हती.

इथे परत आलो. आपल्या विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी पंपांनीच उचलून कालव्यात टाकतात. पंप म्हटलं की मराठी माणसाला किर्लोस्कर आठवतात, म्हणून लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचायला घेतलं आणि थक्क झालो.

लक्ष्मणराव २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकलेची ओढ होती. थोरले भाऊ रामूअण्णांच्या मदतीने १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे त्यांना कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाचं काय झालं असेल! पण ड्रॉइंगला पेन्सिल लागते, रंग नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. आपण ज्याला ईडी म्हणून शिव्या घालतो, तोच विषय. फावल्या वेळात तिथली यंत्रं खोलून शिकले.

पुढे त्यांची हक्काची बढती डावलली गेली. नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावांचं सायकलचं दुकान होतं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं माळरान आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंग तोडून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. रात्रीच्या राखणीला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली आणि वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. मला यंत्रांपेक्षाही हे जास्त धाडसाचं वाटतं. १९२६ साली तिथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाले. १९४६ मध्ये त्यांचे चिरंजीव रवी यांनी बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

पुढच्या सेमिस्टरपासून रेझिस्टर मी मल्टिमीटरने मोजणार आहे. पार्टनरला, हा अंक हातात पडला की, कारण कळेलच.