लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर

मुलांनो, कांदिवली पूर्वेला लष्कराचा सी.ओ.डी. डेपो आहे. तेथून जाताना भिंतीपलीकडे काय असेल, असे तुम्हांला वाटत असेल. तेथे फौजेच्या सामानाचे साठे असतात. पण ते सामान घेऊन लढणारी माणसे कशी असतात? आज अशा एका माणसाची ओळख करून घेऊ.

अर्देशीर बर्जोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी आपल्या मुंबईत झाला. घराणे पारशी. आपल्याच लोकलच्या मार्गावर विरारच्या पुढे बोईसर स्टेशन लागते. त्याच्याजवळच्या तारापूर गावावरून त्यांचे आडनाव पडले. पुढे हे कुटुंब हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले. अर्देशीर यांचे वडील फारसी आणि उर्दूचे विद्वान होते. तुम्ही ज्या भाषेत शिकता, तिचे जाणकार या वीराच्या घरातच होते!

त्यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले. अभ्यासात ते फार पुढे नव्हते, खेळांत मात्र होते. (हे वाचून कोणी गृहपाठ टाळू नये.) शिक्षण संपल्यावर ते हैदराबाद संस्थानाच्या पायदळात अधिकारी झाले.

एकदा नवे जवान हातबॉम्ब फेकण्याचा सराव करत होते. एक जवान घाबरला आणि बॉम्ब जवळच पडला. काही क्षणांत स्फोट होणार होता. तारापोर यांनी पुढे उडी मारली, बॉम्ब उचलला आणि दूर फेकला. तो हातातून सुटताच फुटला व त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानाच्या फौजेचे प्रमुख सय्यद अहमद अल एद्रूस हे सारे पाहत होते. त्यांनी तारापोर यांना बोलावून शाबासकी दिली. तेव्हा या तरुणाने काय मागितले असेल? रजा नाही, पैसा नाही. त्यांनी पायदळातून चिलखती दलात बदली मागितली, आणि ती मिळाली. दुसऱ्या महायुद्धात या दलाबरोबर ते पश्चिम आशियात गेले. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये, ते भारतीय लष्कराच्या ‘पूना हॉर्स’ या पलटणीत आले.

या पलटणीच्या नावात घोडा असला, तरी ती रणगाड्यांवरून लढत असे. रण म्हणजे जंगचे मैदान आणि गाडा म्हणजे मोठी गाडी. ‘सेंच्युरियन’ रणगाडा पन्नास टनांहून जड होता. त्यात चौघे जण बसत. झाकण लावले की आतून फार थोडे दिसते, म्हणून प्रमुखाला पुष्कळदा डोके बाहेर काढावे लागते. गोळ्यांच्या पावसात ते किती धोक्याचे, याचा विचार करा.

१९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. अब्दुल हमीद यांचे नाव तुम्हांला ठाऊक आहेच. ते १० सप्टेंबरला खेमकरण भागात शहीद झाले. दुसऱ्याच दिवशी सियालकोट भागात फिलोराची लढाई झाली. शायर इक्बाल यांचे जन्मगाव ते हेच सियालकोट. तारापोर तेव्हा ‘पूना हॉर्स’चे प्रमुख होते. लढताना ते जखमी झाले. मागे इस्पितळात जाण्याची मोकळीक होती. कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्यांनी नकार दिला. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले, तरी वजीरवाली, जस्सोरान आणि बुतूर डोगरांडीपर्यंत ते पलटणीच्या पुढेच राहिले. या लढायांत पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि आपले ९ गमावले. १६ सप्टेंबर १९६५ रोजी तारापोर रणांगणावर शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

आपले काय होईल, याचा विचार त्यांनी आधीच केला होता. एका सहकाऱ्याला त्यांनी सांगून ठेवले होते, की प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि हातातले कडे व फाउंटन पेन मुलाला. आणखी एक इच्छा होती. पारशी लोक सहसा मृतदेह जाळत नाहीत. तरी आपल्याला रणांगणावरच अग्नी द्यावा, असे त्यांनी सांगितले होते. त्याप्रमाणे त्याच मैदानात त्यांना अग्नी देण्यात आला.