बायोसला नाव देणारा माणूस: गॅरी किल्डॉल आणि तीन पिनांचा जंपर

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ऑफिसच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक जुना सर्व्हर टेस्टिंगसाठी चालू करायचं काम माझ्याकडे आलं. बटण दाबलं, पंखे घरघरले आणि काळ्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट उभी राहिली. तो पासवर्ड ठेवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. म्हटलं, लिनक्स नव्याने टाकू. पण पेनड्राइव्हवरून बूट व्हायच्या आधीच पासवर्ड आडवा! हार्ड डिस्क काढून बघितली, तरी तेच.

म्हणजे कुलूप डिस्कवर नव्हतंच, ते बायोसमध्ये होतं. हा बायोस आला कुठून, हे शोधताना मला गॅरी किल्डॉल सापडला.

गणिताचा मास्तर व्हायचं होतं

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. त्याच्या घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. त्याला गणिताचा शिक्षक व्हायचं होतं, पण वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्यावर कॉम्प्युटरने त्याला पकडलं ते कायमचंच. पुढे नौदलाच्या सक्तीच्या सेवेचा भाग म्हणून तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे, नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवायला लागला. १९७२ मध्ये पीएचडीही झाली.

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, असा तो काळ. गॅरीने ती चिप मिळवली, तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले आणि शिकवणं सांभाळून इंटेलचा सल्लागार म्हणूनही काम करू लागला. इंटेलच्या चिपसाठी त्याने पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली.

१९७४ मध्ये जॉन टोरोड या मित्राने त्याला फ्लॉपी ड्राइव्ह चालवणारं सर्किट बनवून दिलं आणि गॅरीची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर चालू लागली. पत्नी डोरोथीसोबत त्याने कंपनी काढली, तीच पुढची डिजिटल रिसर्च.

खरी करामत: मध्ये बसवलेला दुभाष्या

आता अडचण बघा. प्रत्येक कंपनीच्या मशीनचं हार्डवेअर वेगळं. फ्लॉपीचं सर्किट वेगळं, कीबोर्ड जोडायची पद्धत वेगळी. दर नव्या मशीनसाठी सगळी सिस्टीम उलगडून दुरुस्त करायची म्हणजे डोक्याला ताप.

गॅरीने हार्डवेअरशी बोलणारा तेवढा भाग वेगळा काढला आणि त्याला बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस असं नाव दिलं. मशीन बदललं तर फक्त हा छोटा दुभाष्या बदलायचा, बाकी सीपी/एम तशीच. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर चालवणं शक्य झालं.

आयबीएम आणि तो विमानाचा किस्सा

१९८० मध्ये आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्याच्या दारात आली. गॅरी मजेत विमान उडवत बसला आणि नशीब हुकलं, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. त्या दिवशी तो विमान घेऊन गेला होता हे खरं, पण गेला होता ग्राहकाच्या कामासाठी. इकडे डोरोथीला आयबीएमच्या गोपनीयतेच्या करारावर लगेच सही करणं पटलं नाही. पुढे बोलणी जमली नाहीत. मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली दुसरी एक सिस्टीम विकत घेऊन आयबीएमला दिली. गॅरीने हरकत घेतल्यावर आयबीएमने त्याची सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. पण किंमत २४० डॉलर, आणि शेजारी डॉस ४० डॉलरला! लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

तरी १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये मदरबोर्डवरच्या रॉम चिपमध्ये जो प्रोग्रॅम होता, त्याचं नाव बायोसच होतं.

मग जंपर कशाला?

बायोस ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालतो, म्हणून त्यातला पासवर्ड विंडोज किंवा लिनक्स बदलून जात नाही. जुन्या बोर्डांवर तो सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत राहतो आणि मशीन बंद असताना ती मेमरी नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत राहते. बोर्डवर बहुतेक वेळा तीन पिना आणि त्यातल्या दोन जोडणारी इवलीशी प्लॅस्टिकची टोपी असते. तोच जंपर. अनेक सर्व्हर बोर्डांवर फक्त पासवर्ड पुसायचा जंपर वेगळा असतो, म्हणजे बाकीच्या सेटिंग शाबूत राहतात.

मी काय केलं? मॅन्युअल शोधलं. सर्व्हर बंद करून पॉवरच्या दोन्ही केबल काढल्या, कारण केबल लावलेली असेल तर बंद सर्व्हरच्या बोर्डवरही वीज खेळत असते. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला हात लावला. मग टोपी १-२ वरून २-३ वर नेली, थोडं थांबलो, परत जागेवर बसवली. सर्व्हर चालू झाला, चौकट गायब!

पण हाच क्रम सगळीकडे चालेल असं समजू नका, बोर्डागणिक तो बदलतो. नव्या मशीनमध्ये पासवर्ड फ्लॅश चिपमध्येही असतो, तिथे बॅटरी काढून उपयोग होत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर जंपर ती उघडत नाही, उलट रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. आणि मशीन आपलं असेल किंवा मालकाची परवानगी असेल, तरच हात लावायचा.

शेवट

गॅरीने १९८३ ते १९९० या काळात कॉम्प्युटर क्रॉनिकल्स हा टीव्ही कार्यक्रम सहसूत्रसंचालक म्हणून केला, १९८५ मध्ये अख्खा विश्वकोश सीडीवर आणण्यात वाटा उचलला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेलला विकली गेली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, माँटेरेत त्याचं निधन झालं. वय अवघं ५२. २०१४ मध्ये त्याच्या कंपनीच्या जुन्या इमारतीसमोर सीपी/एमचा गौरव करणारी पाटी बसवली गेली.

लोक त्याला संधी हुकलेला माणूस म्हणून ओळखतात. मला ते पटत नाही. तुमच्या फोनमध्येही अँड्रॉइडच्या आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो आणि हार्डवेअरशी बोलणारा भाग आजही वेगळाच ठेवतात. गॅरीने पन्नास वर्षांपूर्वी केलेली वाटणी रोज आपल्या खिशात असते.