थॉमस आल्वा एडिसन व त्याची विजेची पेटी

रात्रीं शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांतील बॅटरी आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत कोणास अपरिचित नाहीं. अलीकडे आपल्या रस्त्यांवर आवाज न करितां धांवणाऱ्या विजेच्या दुचाकीहि दिसूं लागल्या आहेत. वीज पेटींत सांठवून हवी तेथें नेण्याच्या विद्येसाठीं ज्यानें सुमारें दहा वर्षें वेंचलीं, त्या एडिसनचें नांव दिव्यामुळें सर्वतोमुखी आहे. परंतु त्याच्या पेटीची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं.

एडिसनचा जन्म अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत मिलान या गांवीं ११ फेब्रुवारी १८४७ रोजीं झाला. शाळेंत तो कांहीं महिनेच गेला. पुढील शिक्षण आईनें घरीं दिलें. लहानपणींच तो आगगाडींत वर्तमानपत्रें विकूं लागला व सामानाच्या डब्यांत त्यानें रसायनांच्या बाटल्या मांडल्या. एके दिवशीं फॉस्फरसची कांडी खालीं पडून डबा पेटला व प्रयोगशाळा बंद झाली. पुढें १८६७ सालीं लुईव्हिल येथें तारमास्तर असतांना रात्रपाळींत तो बॅटरीवर प्रयोग करीत होता. सांडलेलें गंधकाचें तेजाब फळ्यांच्या फटींतून झिरपून खालच्या मजल्यावर वरिष्ठांच्या मेजावर गेलें, आणि नोकरी गेली!

ध्वनिलेखनाचें यंत्र (१८७७) व विजेचा दिवा (१८७९) यांनीं त्याची कीर्ति जगभर पसरली. तें सर्वांस ठाऊकच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारी नुकत्याच निघाल्या होत्या. विजेच्या मोटारींत शिसें व तेजाब यांची बॅटरी असे. ती अतिशय जड, आणि तेजाब तिला आंतून खात असे. एडिसननें लोखंड, निकेल व पोटॅशचें द्रावण यांची हलकी बॅटरी करावयाचें ठरविलें. हजारों प्रयोग झाले. १९०१ मध्यें कंपनी निघाली आणि माल बाजारांत येण्यापूर्वींच त्याची फार वाखाणणी झाली. पण पेट्या गळूं लागल्या, त्यांची शक्ति घटूं लागली. तेव्हां एडिसननें उत्पादन थांबविलें व पुनः प्रयोगांस बसला. मला तर दिव्याच्या शोधाहून त्याचें हें कृत्य मोठें वाटतें. सुमारें १९०९ मध्यें सुधारलेली बॅटरी निघाली. तिच्या द्रावणांत थोडा लिथियमचा क्षारहि घातलेला होता. ती टिकाऊ निघाली खरी, पण तोंवर हेन्री फोर्डची पेट्रोलची मोटार (१९०८) पुढें गेली होती.

तरी ती पेटी वायां गेली नाहीं. कोळशाच्या खाणींत उघड्या ज्योतीनें तेथील वायु पेट घेऊन स्फोट होत. एडिसनच्या कारखान्यानें कमरेस बॅटरी व टोपीवर दिवा अशी योजना केली, आणि खाणमजुराची भीति पुष्कळ उणी झाली. पाणबुडींतहि तिचा उपयोग होईल असें दिसलें. कारण शिशाच्या पेटींत समुद्राचें पाणी शिरलें तर विषारी क्लोरीन निघे, हिच्यांत तो धोका नव्हता. अमेरिकन नौदलानें ई-२ नांवाच्या पाणबुडींत ती बसविली. परंतु या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. १५ जानेवारी १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या गोदींत तो सांचून भयंकर स्फोट झाला व आंत काम करणारीं कांहीं माणसें मृत्युमुखीं पडलीं. दोष बॅटरीचा कीं वायु बाहेर घालविण्याच्या व्यवस्थेचा, यावर वाद माजला. एका विषापासून रक्षण करणारी म्हणून आणलेली वस्तु दुसऱ्या वाटेनें घातक ठरली.

आजच्या लिथियमच्या बॅटरींत थोड्या वजनांत त्याहून कितीतरी अधिक शक्ति मावते, आणि तिच्यांतील द्रव स्वतःच ज्वालाग्राही असतो. मार्च २०२२ मध्यें पुण्यास रस्त्याच्या कडेला उभी केलेली एक विजेची दुचाकी धुमसूं लागून पाहतां पाहतां जळून गेली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजीं वारला. त्याच्या पद्धतीच्या लोखंड-निकेलच्या पेट्या अजूनहि तयार होतात. त्या जेथें भरल्या जातात तेथें वायु बाहेर जाण्यासाठीं झरोका ठेवितात, आणि ज्योत जवळ नेत नाहींत.