प्रोफेसर हूगो युंकर्स

सुटे भाग चिकटवून विमानांच्या लहान प्रतिकृति तयार करण्याचा ज्या विद्यार्थ्यांस नाद आहे, त्यांस 'युंकर्स ८८' हें जर्मन बाँबफेकी विमान परिचयाचें असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अशीं सुमारें १५,००० विमानें बांधलीं गेलीं. पण पेटीवर छापलेलें तें नांव ज्या पुरुषाचें, त्याचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तें आम्ही येथें संक्षेपानें सांगतों.

हूगो युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजीं जर्मनींतील राइट या गांवीं झाला. यंत्रशास्त्राचें अध्ययन पुरें झाल्यावर ते देसाऊ शहरीं आले. तेथें वायूच्या इंजिनांवर प्रयोग करितांना, वायु जाळून किती उष्णता मिळते हें मोजण्याचें साधन त्यांनीं स्वतः तयार केलें. आणि त्याच तत्त्वावर स्नानाचें पाणी तापविणारे वायूचे बंब काढून १८९५ सालीं कारखाना घातला. पुढें १८९७ पासून १९१२ पर्यंत ते आखेन येथें प्राध्यापक होते.

पन्नाशीच्या सुमारास माणूस विश्रांतीचा विचार करूं लागतो. युंकर्स यांनीं त्या वयांत विमानविद्येस आरंभ केला. त्या काळीं विमानें लांकूड, कापड व तारा यांचीं असत. युंकर्स यांचें सर्वस्वीं धातूचें विमान १२ डिसेंबर १९१५ रोजीं आकाशांत गेलें. तें पोलादी पत्र्याचें असल्यामुळें जड होतें. लोकांनीं त्यास पत्र्याचें गाढव असें नांव ठेविलें. युंकर्स यांनीं न रागावतां पोलादाच्या जागीं ड्युराल्युमिन हा हलका मिश्रधातु योजिला.

पहिल्या महायुद्धांत त्यांनींहि सैन्यासाठीं विमानें बांधलीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु युद्ध संपतांच त्यांनीं निराळी वाट धरिली. २५ जून १९१९ रोजीं त्यांचें 'एफ १३' उडालें. चार उतारूंस बंद खोलींत बसवून नेणारें हें धातूचें विमान इतकें उपयुक्त ठरलें कीं, तशीं ३०० हून अधिक तयार झालीं.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. तिला शस्त्रें हवीं होतीं. युंकर्स मात्र नको होते. राजद्रोहाचा धाक घालून त्यांचीं पेटंटें व कारखान्याचे बहुतेक शेअर लिहून घेण्यांत आले, आणि त्यांस देसाऊ सोडावें लागलें. ३ फेब्रुवारी १९३५ रोजीं, आपल्या ७६ व्या वाढदिवशींच, म्युनिकजवळ गाउटिंग येथें ते निवर्तले. 'युंकर्स ८८' प्रथम उडालें तें डिसेंबर १९३६ मध्यें! लंडनवर आग ओतणाऱ्या त्या विमानांत विद्या त्यांची होती, नांवहि त्यांचें होतें. आज्ञा मात्र दुसऱ्याची होती.

विद्यार्थिमित्रहो, ती लहानशी प्रतिकृति जोडून फळीवर ठेवितांना या वृद्ध प्राध्यापकांचें स्मरण करा. विद्या संपादन करणें कठीण खरें. पण ती कोणाच्या हातीं जात आहे इकडे लक्ष ठेवणें त्याहून कठीण, आणि तितकेंच आपलें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.