भंगारातून परतलेली ‘रोयाल’

एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. वडील कार्लो हे फर्निचरचे नामवंत रचनाकार, तर धाकटा भाऊ रेंब्रांट शिल्पकार. एत्तोरे यंत्रांकडे वळले, परंतु वस्तू देखणी असलीच पाहिजे हा घरचा हट्ट त्यांनी कधी सोडला नाही. १९०९ मध्ये आल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. तेव्हा हा प्रांत जर्मनीत होता; पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. १९२४ मध्ये आलेल्या ‘टाइप ३५’ने शर्यतींची मैदाने गाजवली. सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली.

याच भरभराटीत ‘टाइप ४१’ म्हणजेच ‘रोयाल’ जन्मली. राजेरजवाड्यांसाठी योजलेल्या या गाडीची लांबी सहा मीटरहून अधिक, तर इंजिन सुमारे पावणेतेरा लिटरचे होते. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा असलेला हत्ती होता. १९१६ मध्ये निवर्तलेल्या भावाच्या शिल्पावरून तो घेतला होता. पंचवीस गाड्या काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात १९२९ ची जागतिक मंदी आडवी आली आणि ग्राहक मिळाले अवघे तीन. राजा तर त्यात एकही नव्हता! पडून राहिलेली इंजिने बुगाटींनी रेल्वेच्या मोटारडब्यांत बसवली आणि तेच डबे पुढे कारखान्याचा आधार ठरले. आपल्या सर्वांत लाडक्या यंत्राचे भाग दुसरीकडे लावताना त्यांनी भावनेला थारा दिला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उतारवय मात्र दुःखाचे गेले. १९३६ मध्ये कामगारांचा संप झाला. त्यानंतर ते बहुतांशी पॅरिसमध्येच राहू लागले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी कर्तबगार मुलगा जाँ गाडीची चाचणी घेताना अपघातात गेला. युद्धात कारखाना हातचा गेला. तो परत मिळवण्यासाठी ते न्यायालयात झगडले आणि २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच अटलांटिकपलीकडे एका ‘रोयाल’चा प्रश्न उभा राहिला होता. जोसेफ फुक्स या जर्मन डॉक्टरांनी ती घेऊन म्युनिकच्या वाइनबर्गर यांच्याकडून तिच्यावर बॉडी चढवून घेतली होती. हिटलरच्या राजवटीत देश सोडल्यावर ती त्यांच्यासोबत शांघायमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील हिवाळ्यात इंजिनातील पाणी गोठून ब्लॉकला तडा गेला आणि गाडी भंगारवाल्याच्या आवारात आली.

अशा वेळी हिशेब सहसा सुट्या भागांच्या बाजूने झुकतो. सर्वसाधारण जुन्या गाडीबाबत त्यात वावगेही नाही. एक मोडली तर तिच्या भागांवर दहा चालत्या राहतात. येथे ते समर्थन लागू नव्हते. जगात अशा गाड्या सहाच. हिचे सुटे भाग घेणार तरी कोण? मोडली असती तर हाती उरला असता केवळ धातूचा भाव. शिवाय तडा इंजिनाला होता. चॅसी आणि बॉडी मूळचीच, एकमेकींसाठी घडवलेली होती. अशी जोडी तुटली की पुन्हा जमत नाही, मग नवे इंजिन कितीही उत्तम बसवा.

१९४० च्या दशकात ब्युइक कंपनीचे मुख्य अभियंता चार्ल्स चेन यांनी ती ४०० डॉलरना विकत घेतली आणि मेहनतीने पुन्हा चालती केली. मूळच्या एका कार्ब्युरेटरच्या जागी त्यांनी चार बसवले, काळा रंग जाऊन पांढरा आला. शुद्धतावाद्यांना हे खटकते आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण गाडी वाचली. पुढे चेन यांनी ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाला दिली.

अरमाँ एस्दर्स यांच्या ‘रोयाल’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. रात्री गाडी चालवायचीच नाही म्हणून त्यांनी पुढचे दिवेदेखील लावून घेतले नव्हते. जाँ यांनी आखलेली ती डौलदार उघडी बॉडी पुढच्या मालकाने उतरवली आणि त्याच चॅसीवर दुसरी चढवली. फ्रान्समधील म्युलूझच्या संग्रहालयात एस्दर्स यांची म्हणून जी गाडी आहे, ती शिल्लक सुट्या भागांवर उभारलेली प्रतिकृती आहे.